परदेशात गाडी चालवताना



मुलगा-मुलगी नोकरीनिमित्त जपानला असली की आईवडीलही तिकडे फिरायला जातात. तिथे भाड्याची गाडी चालवायची असेल, तर आधी कागदपत्रे पाहा.

केवळ भारतीय लायसन्स तिथे चालत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. भारत त्या करारात असल्याने तो आपल्या आरटीओत मिळतो. मुदत एक वर्ष. तो निघण्यापूर्वीच काढावा; मूळ लायसन्स व पासपोर्टही जवळ बाळगावा. हा परवाना नसेल, तर विनालायसन्स गाडी चालवल्याचा गुन्हा लागतो.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून माणूस बेसावध राहतो. पण तिथे लाल दिवा असताना डावीकडेही वळता येत नाही. रेल्वे फाटक उघडे असले तरी आधी गाडी पूर्ण थांबवायची. लाल उलट्या त्रिकोणाची 'थांबा' पाटी दिसली, की चाके थांबलीच पाहिजेत. सहा वर्षांखालील मुलांना खास आसन हवे. दारू पिऊन चालवणाऱ्याला शिक्षा आहेच; त्याला दारू देणारा आणि ठाऊक असून त्याच्या गाडीत बसणाराही सुटत नाही.

अपघात किरकोळ असला तरी ११० वर पोलिसांना कळवा, जखमीसाठी ११९ फिरवा. जागेवर तडजोड करू नका. पोलिसांत नोंद नसेल, तर विम्याची भरपाई अडते.

झेब्रा पट्ट्यांवर माणूस दिसला की थांबा. त्याचा जीव आपल्या घाईपेक्षा मोलाचा आहे. एवढी सवय मात्र परतताना सोबत आणा.