जुळ्यांचा हिशेब

जुळी झाली की आपल्याकडे दुप्पट पेढे वाटतात. पण तीच जुळी दोन महिने आधी आली तर? ब्रह्मपुरीहून गडचिरोली, चंद्रपूर, नाहीतर थेट नागपूर गाठायचं. खासगीत काचेच्या पेटीचे पैसे दर दिवसाचे, आणि तेही दर बाळाचे!

सरकारी दवाखान्यात मात्र २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, ने-आण मोफत आहे. सुरुवातीला ३० दिवसांपर्यंत, नंतर वर्षापर्यंत. चांगलंच आहे. पण बुडालेल्या मजुरीचं काय? कमी वजनाच्या बाळाला छातीशी धरून ऊब द्यावी लागते. इथे बाळं दोन, आई एक, तीही ओली बाळंतीण. म्हणजे बाप किंवा आजी सोबत हवीच. ऐन रोवणीत महिनाभर परगावी राहायचं, खायचं, घरच्या थोरल्या पोराला कुणाकडे तरी ठेवायचं... मोफत उपचारातही कर्ज होतं ते असं.

माझं मत सरळ आहे. सोबतच्या माणसाची मजुरी हाही उपचाराचाच खर्च धरावा. आणि तोवर आपण नातेवाईकांनी? झबली-टोपडी राहू द्या. पाकीट द्या. नागपुरात असाल तर डबा पोचवा. पटतंय ना?