जाड फळीची छोटी खोली

इंग्लंडमध्ये मार्च उजाडला की बागेतल्या लाकडी केबिनच्या जाहिरातींना बहर येतो. पांढऱ्या खिडक्या, दाराशी फुलांच्या कुंड्या, आत एक ऐसपैस टेबल. इथल्या माझ्या मराठी मैत्रिणींपैकी कुणी गोधड्या शिवतं, कुणी विणतं. सगळ्यांचा जीव या चित्रावर जडतो. का जडू नये? जेवणाच्या टेबलावर जुळवलेले तुकडे पानं मांडायच्या आधी गोळा करायचे आणि ताटं उचलली की पुन्हा मांडायचे, यात कामाची लयच मोडते. हातकामाला आपली जागा हवीच.

पण बहुतेकजणी सुरुवात करतात आकारापासून. मी म्हणेन, आधी फळीची जाडी विचारा. 19 मिलिमीटर फळीचं केबिन म्हणजे अवजारं ठेवायचं शेड. 28 मध्ये उन्हाळा छान निघतो. बारा महिने बसायचं असेल तर 44 च्या खाली उतरू नये आणि काचा दुहेरीच घ्याव्यात. व्हर्जिनिया वुल्फ ससेक्समधल्या रॉडमेल गावी बागेतल्या लाकडी खोलीत लिहीत असत. हिवाळ्यात तिथे असा गारठा पडे की पेन धरणं मुश्किल होई आणि त्यांना घरात परतावं लागे. सुईचं काम तर त्याहून नाजूक.

भिंतीइतकंच छताकडे आणि जमिनीकडे बघा. ऊब छतातून निसटते, गारवा पायाखालून चढतो. दोन्हीकडचे इन्सुलेशनचे बोर्ड केबिन उभं राहतानाच घालून घ्यावेत. पुढे ते करायचं तर छत उचकटावं लागतं. पाया पक्का आणि पाणसळीत हवा. एक कोपरा जरी खचला तरी दार अडकायला लागतं.

लाकडाचा स्वभाव मात्र नीट समजून घ्यायला हवा. ही केबिनं बहुधा स्प्रूसची असतात, फळ्या एकमेकींच्या खाचेत बसवलेल्या. पावसाळी दमट हवेत प्रत्येक फळी थोडी फुगते, कोरड्या उन्हाळ्यात आकसते. एकावर एक रचलेल्या फळ्यांचा तो फरक साठत जातो आणि अख्खी भिंत उंचीत कमी-जास्त होते. म्हणून जाणते सुतार दार-खिडक्यांच्या चौकटीवर मुद्दाम फट ठेवतात आणि वरून पट्टी लावून ती झाकतात. आपण हौसेनं धाग्यांच्या रिळांसाठी उभी पट्टी चार-पाच फळ्यांना घट्ट स्क्रूनं आवळली, की त्या फळ्या सरकू शकत नाहीत आणि मधे भेग पडते. स्क्रूसाठी उभी लांबट खाच असलेली पट्टीच वापरावी.

खिडकी उत्तरेला मिळाली तर उत्तम. तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो, रंग खरे दिसतात आणि कापड उन्हानं विटत नाही. बर्नार्ड शॉ यांनी हर्टफर्डशायरमधल्या आपल्या बागेतली लिहायची झोपडी फिरत्या बैठकीवर बसवली होती, उन्हाच्या दिशेनं वळवता यावी म्हणून. आपल्याला खिडकी एकदाच ठरवायची असते, तेव्हा आधी दिवसभर बागेतला उजेड बघून घ्यावा. ओलीचाही विचार हवा: अधूनमधून हीटर लावून पुन्हा बंद केला की काचांवर पाणी धरतं आणि कापडाला बुरशी येते. मंद ऊब सतत ठेवणं बरं.

नियम फार किचकट नाहीत. कुंपणापासून 2 मीटरच्या आत बांधायचं तर उंची अडीच मीटरच्या वर नको. विजेची केबल मात्र नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडूनच टाकून घ्या. घर वारसा यादीत असेल तर आधी कौन्सिलला विचारा.

ऑर्डर देण्याआधी हिरवळीवर दोरीनं चौकोन आखा, त्यात आपलं टेबल आणि खुर्ची खरोखर मांडून बसा. वाटतं त्यापेक्षा कमी जागा पुरते. पैसे मोजकेच असतील तर आकार एक पायरी उतरवा, फळी एक पायरी चढवा आणि उरलेले छताला व जमिनीला घाला.