इंजिन पुन्हा खोलण्याआधी गळती मोजा

किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी एटीव्ही असो की डोंगरात, चिखलात पळवायची डर्ट बाइक, इंजिन धूर मारायला लागलं की ते खोललं जातं. सिलिंडर बोअरिंगसाठी लेथवाल्याकडे जातो, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा येतात, व्हॉल्व्ह घासून बसवले जातात, गॅस्केटं बदलली जातात आणि इंजिन पुन्हा बांधलं जातं. एवढं करूनही गाडी लवकर सुरू होत नाही, चढाला दम धरत नाही. मग प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लागतो, काटा ८० पीएसआयच्या आसपास थांबतो आणि निकाल लागतो, ‘रिंगा बसल्या नाहीत, परत खोलावं लागेल.’ माझ्या मते एवढ्या पुराव्यावर हा निकाल देताच येत नाही. कमी कॉम्प्रेशनचा आकडा काहीतरी तपासायला हवं एवढंच सांगतो. हवा कुठून जाते, किंवा मुळात जाते तरी का, हे तो सांगत नाही. ते कळण्याआधी नुकतंच बांधलेलं इंजिन खोलणं म्हणजे मालकाचे पैसे आणि मेकॅनिकची मेहनत, दोन्ही वाया घालवण्याचा धोका पत्करणं आहे.

८० पीएसआय कमी, असं आपण कशाशी ताडून म्हणतो? मोटारसायकलच्या इंजिनांवर हात बसलेल्या माणसाच्या डोक्यात दीडशेच्या आसपासचा आकडा पक्का असतो. पण एटीव्हीच्या मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनांत बहुधा ऑटोमॅटिक डिकॉम्प्रेसर असतो. जुन्या बुलेटला हँडलवर डिकॉम्प्रेसरची छोटी मूठ असायची. ती दाबून पिस्टन दाबाच्या टोकापलीकडे न्यायचा आणि मग किक मारायची, हे ज्यांनी केलं आहे त्यांना त्यामागचं कारण सांगायला नको. ऑटोमॅटिक प्रकारात हेच काम कॅमशाफ्टवरचं एक लहानसं वजन करतं. इंजिन सेल्फवर संथ फिरत असतं तेव्हा एक पिन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. इंजिन सुरू होऊन वेग वाढला की वजन बाहेर फेकलं जातं आणि पिन मागे सरते. गेज लावताना इंजिन सेल्फवरच फिरत असतं, म्हणजे तो आकडा व्हॉल्व्ह थोडा उघडा असतानाचा असतो. पोलॅरिसच्या स्पोर्ट्समन ५०० या एटीव्हीसाठी ५० ते ९० पीएसआय ही नेहमीची मर्यादा मानली जाते, ती यामुळेच. अशा इंजिनात ८० आले तर बिघाड सिद्ध होत नाही, आणि दीडशे आले तर उलट डिकॉम्प्रेसर काम करतो आहे का, ते पाहावं लागेल. म्हणून पहिलं काम इंजिन खोलण्याचं नाही, त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडण्याचं आहे.

गेजचीही एक अडचण आहे आणि लहान इंजिनात ती फार मोठी होते. समजा इंजिन २५० सीसीचं आहे आणि कॉम्प्रेशन रेशो ९. म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या डोक्यावर साधारण ३१ सीसी जागा उरते. गेजची नळी त्या जागेला जोडली जाते. हवा परत येऊ न देणारी निप्पल नळीच्या प्लगकडच्या टोकाला असेल तर फारसं बिघडत नाही. ती गेजजवळ असेल आणि मधल्या नळीत ५ सीसी जागा असेल, तर तीही दर फेऱ्याला भरावी लागते. ३१ ची जागा ३६ होते आणि ९ चा रेशो ७.९ वर येतो. शंभर सीसीच्या इंजिनात हाच हिशेब ९ वरून ६.७ वर जातो. मोटारगाडीच्या सिलिंडरला ज्या गेजने फार फरक पडत नाही, तोच गेज लहान इंजिनाला आजारी ठरवतो. यात थ्रॉटल पूर्ण उघडा न ठेवणं, बॅटरी अर्धवट उतरलेली असणं, काटा चढायचा थांबण्याआधीच हात थांबवणं, ही नेहमीची कारणं मिळवा. उंचीचाही परिणाम होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो, आणि गेजचा आकडाही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. मोठ्या इंजिनांत ही चाचणी उपयोगी आहे, हे मान्य. पण वरच्याच इंजिनात ५ सीसी ऑइल ओतलं तर ३१ ची जागा २६ उरते आणि रेशो १०.६ होतो. रिंगा उत्तम असल्या तरी आकडा चढणारच. त्यात नव्याने बांधलेल्या इंजिनात होनिंगच्या ताज्या ओरखड्यांवर रिंगा अजून घासून बसलेल्या नसतात, त्यामुळे ऑइलने थोडी वाढ तर अपेक्षितच असते. जिथे या चाचणीवर सर्वात जास्त भरवसा ठेवला जातो, तिथेच ती फसवते.

खरा उपाय गळती मोजण्याचा आहे, इंग्रजी नावाने त्याला लीकडाउन टेस्ट म्हणतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा एका बारीक छिद्रातून आत सोडायची. छिद्राच्या अलीकडे एक गेज आणि पलीकडे दुसरा. दोन आकड्यांतल्या फरकावरून किती टक्के हवा निसटते ते कळतं. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ती कुठून निसटते हे कानाला कळतं. कार्बोरेटरच्या तोंडाशी फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर तिथून वारा लागला तर रिंगा किंवा सिलिंडर. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा हेड. काळजी एकच घ्यायची. पिस्टन नेमका टोकाला नसेल तर हवेचा दाब क्रँक फिरवतो, त्यामुळे क्रँकच्या नटावरचा पाना हवा सोडण्याआधी काढून ठेवावा. पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांत हीच पद्धत रूढ आहे. तिथे ८० पीएसआय हवा सुमारे १ मिलिमीटरच्या छिद्रातून सोडून गळती पाहिली जाते. जिथे इंजिन बंद पडणं जिवावर बेतू शकतं तिथल्या लोकांनी नुसत्या दाबाच्या आकड्यावर न थांबता गळती मोजायला सुरुवात केली, याला अर्थ आहे.

या चाचणीचा सर्वात मोठा फायदा गळती सापडत नाही तेव्हा होतो. कॉम्प्रेशन कमी, पण गळती दोन-चार टक्के, असं निघालं तर रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट या सगळ्यांची निर्दोष सुटका होते. मग उरतो एक तर डिकॉम्प्रेसर किंवा टायमिंग. टायमिंग चेन बसवताना कॅमचा दात एका घराने मागे राहिला, तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि आत आलेली थोडी हवा पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलली जाते. दाब पडतो, आणि पिस्टन टोकाला असताना मात्र सगळं घट्ट बंद असतं. अशा गाडीचा सिलिंडर पुन्हा काढून नव्या रिंगा घातल्या तर काय मिळेल? चेन पुन्हा त्याच चुकीच्या दातावर बसली तर काहीच नाही, आणि नकळत बरोबर बसली तर दोष रिंगांचाच होता असा खोटा धडा. टॅपेट घट्ट असेल तर गळती व्हॉल्व्हकडून दिसते, पण तिथेही सिलिंडर काढायची गरज नसते. व्हॉल्व्ह घासल्यावर तो सीटमध्ये थोडा खोल बसतो, दांडा वर येतो आणि टॅपेट घट्ट होतो. दशांश मिलिमीटरच्या आसपासची ती फट पुन्हा लावली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. हे तपासायला वरचं झाकण आणि फीलर गेज पुरतो.

छोट्या गॅरेजला हे परवडत नाही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. एटीव्ही साधारणपणे रस्त्यावर चालवायची गाडी नाही, तिचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावी नसतं, आणि काम शेवटी दुचाकीच्या मेकॅनिककडेच येतं. त्याच्याकडे तपासायला वेळ कमी आणि गिऱ्हाईक फक्त बदललेल्या पार्टचे पैसे द्यायला तयार. पण हवेचा कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडेही असतो. रेग्युलेटर, दोन गेज आणि बारीक छिद्राचा एक जोड एवढ्यावर ही चाचणी होते. हा खर्च एकदाच करायचा असतो, तर चुकून खोललेल्या प्रत्येक इंजिनामागे गॅस्केट सेट, ऑइल आणि दिवसभराची मजुरी जाते. गिऱ्हाइकानेही तपासणीचे वेगळे पैसे द्यायला शिकलं पाहिजे. फुकट निदान मागणाऱ्याला अंदाजच मिळतो आणि अंदाजाची किंमत त्यालाच मोजावी लागते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. किकवर पाय ठेवताच इंजिनाची अवस्था ओळखणारे कारागीर आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांचा हात तयार झाला तो झिजलेल्या इंजिनांवर, जिथे रिंगा गेलेल्या असण्याची शक्यता खरोखरच मोठी असते. नुकत्याच बांधलेल्या इंजिनात ती शक्यता बदलते. तिथे झिजेपेक्षा जोडणीतली चूक अधिक संभवते आणि घट्ट टॅपेट, चुकलेला दात किंवा उलटी बसलेली रिंग किकला सारखीच हलकी लागते. तिसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात सर्वात जास्त ऐकू येतो, ‘चालवा, रनिंगमध्ये रिंगा बसतील.’ गळती फक्त ऑइलच्या बाजूने असेल तर हा सल्ला योग्य आहे. नव्या रिंगांना घासून बसायला काही अंतर धावावंच लागतं, आणि थोडं चालवून पुन्हा मोजल्यावर ती गळती उतरलेली दिसली पाहिजे. पण गळती सायलेन्सरच्या बाजूने असेल तर चालवण्याइतकं घातक काही नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावर तिच्याकडे सोडतो. तो नीट टेकत नसेल तर तापत राहतो, त्याची कड जळते आणि फीलर गेजने मिटला असता तो दोष नव्या व्हॉल्व्हपर्यंत जातो. ‘चालवा’ म्हणण्याआधीही गळती कुठून आहे ते कळलंच पाहिजे.

काही वेळा गळती खरोखर रिंगांचीच निघते. तेव्हा इंजिन जरूर खोलावं, पण खोलल्यावरही मोजावं. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट पाहावी. साधारण अंदाज असा की ७० मिलिमीटर बोअरला ती पाव मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त असते, नेमका आकडा मॅन्युअल देतं. सिलिंडर वर, मधे आणि खाली बोअर गेजने मोजला की लेथवर तो निमुळता किंवा लंबगोल झाला का, ते कळतं. आणि किनाऱ्यावर किंवा धुळीत चालणाऱ्या गाडीत एअर फिल्टर आणि त्याच्यापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी पाहिल्याशिवाय इंजिन पुन्हा बांधूच नये. फाटलेल्या नळीतून आत जाणारी वाळू ऑइलमध्ये मिसळून सिलिंडर खात राहते, आणि पहिला पिस्टन जिने घालवला ती वाट दुसऱ्यासाठीही उघडीच असते. इंजिन बांधून देताना बिलाच्या मागे चारच गोष्टी लिहून घ्याव्यात, टॅपेटची फट, रिंगेची फट, सिलिंडरचं माप आणि गळतीचे टक्के, दिशेसह. पुढच्या वेळी दम कमी वाटला, तर दुसऱ्या कोणत्याही मेकॅनिकला त्या चार आकड्यांपासून सुरुवात करता येईल.