कुलासोंचा धेंपो

नाशकात फुटबॉलचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी मँचेस्टरला पोचते. फर्ग्युसन कसा होता, तो गेल्यावर युनायटेडचं कसं वाटोळं झालं... कॉलेज रोडवरच्या पोरांना त्याची तेरा लीग विजेतेपदं तोंडपाठ असतात. असू देत, माणूस मोठाच होता. पण ज्या 2013 साली फर्ग्युसन गेला, त्याच वर्षी आपल्या शेजारी गोव्यात आणखी एका प्रशिक्षकाने तेरा वर्षांनंतर आपला क्लब सोडला. त्याचं नाव मी घेतो तेव्हा समोरचा नुसताच बघत राहतो. आर्मांदो कुलासो. आणि क्लब म्हणजे धेंपो. (इंग्रजी पेपरात 'डेम्पो' छापतात म्हणून आपल्याकडेही तेच रुळलंय. गोव्यातला मराठी पेपर उघडा, धेंपोच दिसेल. त्यातला 'नवप्रभा' तर धेंपोंच्याच घरचा.)

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात हिशोब. 2004-05 आणि 2006-07 ला राष्ट्रीय फुटबॉल लीग. मग तिची आय-लीग झाली, तिचा पहिलाच मोसम 2007-08 चा, तोही धेंपोचा. पुढे 2009-10 आणि 2011-12. एकूण पाच, आणि पाचही वेळा बाकावर हाच माणूस. शिवाय 2008 साली एएफसी कपची उपांत्य फेरी. 30 मे 2011 ला मुंबईच्या एअर इंडियाला चौदा गोल मारले आणि एकही खाल्ला नाही, तेही मी विसरलेलो नाही. महाराष्ट्राचा माणूस म्हणून त्या दिवशी टाळ्या वाजवाव्यात की नाही हा प्रश्न पडला होता. असो.

पण कप मोजून माणूस कळत नाही. माझ्या मते कुलासोंची खरी परीक्षा 5 डिसेंबर 2004 ला झाली. बंगलोरला फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियर नावाचा ब्राझीलचा तरणा पोरगा धेंपोकडून खेळत होता. त्याने दोन गोल केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि गेला. धेंपोने सामना 2-0 ने जिंकला. जिंकला म्हणायला जीभ रेटत नाही, पण नोंद तशीच आहे. त्या ड्रेसिंग रूममध्ये काय झालं असेल याची कल्पना मला करवत नाही. विशी-पंचविशीची पोरं, हातात कप, आणि त्यांच्यातला एक जण परत येणार नाही. क्लबने दहा नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आणि तो संघ त्याच मोसमात पहिल्यांदा देशाची लीग जिंकला! डावपेच, फॉर्मेशन हे सगळं शिकता येतं. पण खचलेल्या पंचवीस माणसांना पुन्हा मैदानात उभं करायचं, रागावायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?

मडगावच्या माझ्या मावसभावाचं म्हणणं, "अरे, कुलासो सर म्हणजेच धेंपो. सर गेले, क्लब संपला." त्याच्याकडे पुरावाही आहे. 2013 ला सर गेले आणि 2014-15 च्या मोसमाअखेर क्लब आय-लीगमधून खाली घसरला. दोन वर्षांत! पाच वेळचा विजेता!

मला हे पटत नाही, आणि त्याला कारण आमचा नाशिकचा पूर्वग्रह. सातपूरला महिंद्राचा कारखाना, त्यामुळे आमचा जीव महिंद्रा युनायटेडमध्ये, जीपमेनमध्ये. त्यांचा प्रशिक्षक डेरिक परेरा, तोही गोवेकरच. 2005-06 ला त्याने लीग आणि फेडरेशन कप दोन्ही आणले. झी स्पोर्ट्सवर सामने बघताना आम्हाला वाटायचं, आता हा संघ दहा वर्षं हलत नाही. 2010 ला कंपनीने संघच बंद केला. प्रशिक्षक कितीही चांगला असो, क्लबचा श्वास कुणाच्या हातात असतो हे तेव्हा कळलं. म्हणून कुलासोंचं कौतुक करताना मी श्रीनिवास धेंपोंनाही अर्धे गुण देतो. एका माणसाला तेरा वर्षं बसू देणारा मालक भारतीय फुटबॉलमध्ये सापडतो का? आपल्याकडे तीन सामने हरले की प्रशिक्षकाच्या हातात नारळ.

घसरण्याचं खापरही एकट्या त्या निरोपावर फोडू नये. 32 गोल मारून 2011-12 ची लीग आणून देणारा रँटी मार्टिन्स त्याआधीच, 2012 ला कोलकात्याला गेला होता. 2014 ला आयएसएल आली, एफसी गोवा आला, आणि त्याच्या सुरुवातीच्या मालकांत स्वतः धेंपोही होते. लोकांचं लक्ष तिकडे वळलं. धेंपो 2015-16 ला दुसरी डिव्हिजन जिंकून वर यायला निघाला, तर महासंघाने लीगची नवी रचना मांडली, ज्यात आय-लीग आयएसएलच्या खाली जाणार होती. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघेही निषेध म्हणून बाहेर पडले. यात सर काय करणार होते?

आणि "क्लब संपला" हे तर मुळीच नाही. कुलासोंनी गोव्याची पोरं वर्षानुवर्षं एकत्र ठेवली. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा. आता बघा हं. एप्रिल 2023 मध्ये ओडिशाने सुपर कप जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण? क्लिफर्ड. देशाच्या तरुण संघांना शिकवायला कोण गेला? महेश गवळी. आणि 2024-25 ला धेंपो इतक्या वर्षांनी आय-लीगमध्ये परतला तेव्हा बाकावर कोण होता? समीर नाईक. मावसभावाला हे ऐकवलं तर म्हणतो, "ते आहेच रे, पण फातोर्ड्याला तेव्हाची गर्दी कुठाय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

जानेवारी 2025 मध्ये कुलासोंना राष्ट्रपतींच्या हस्ते द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, जीवनगौरव विभागात. पाचवं विजेतेपद 2012 चं, म्हणजे तेरा वर्षं लागली. त्या दिवशी आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर मी बातमी टाकली. दोन अंगठे आले, आणि एकाने विचारलं, "हे कोण?"

त्याच्यासाठीच हे लिहिलंय.