प्रोफाईलचं सोवळं

सोवळं गेलं असं कोण म्हणतं? कुठंही गेलं नाही. देवघरातून उठलं, एचआरच्या केबिनमध्ये जाऊन एसीखाली बसलं, आणि नाव बदलून घेतलं. आता त्याला ‘प्रोफेशनल इमेज’ म्हणतात.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचची कागदं बघतो. गाठी मोजायच्या, पॅकिंग लिस्ट काढायची, कंटेनरचा नंबर टाकायचा. बी.कॉम. आहे, कॉम्प्युटर येतो, इंग्रजी पत्र लिहिता येतं. मालकाच्या टॉवेलानं परदेशातलं कुणीतरी तोंड पुसतं, त्याची कागदं माझ्या हातची असतात. पण बढतीची गोष्ट निघाली की सगळे म्हणतात, लिंक्डइनवर ये, प्रोफाईल नीट कर. म्हणून फी भरून एका क्लासला गेलो.

तिथला सर म्हणाला, प्रोफाईल ‘क्लीन’ पाहिजे. माझा फोटो पडद्यावर मोठा केला. गळ्यातला निळा शेला काढ. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा फोटो काढ. ‘जय भीम’ काढ. वस्तीचं नाव टाकू नको, नुसतं सोलापूर लिही. आडनाव लांबलचक वाटतंय, पहिलं अक्षर ठेव. पॉलिटिकल वाटता कामा नये.

क्लीन! म्हंजे घाण कुठली बे? आमचा बाप घाण? आमची वस्ती घाण? ज्या माणसानं देशाच्या घटनेचा मसुदा केला त्याचं नाव घाण?

आता जरा बाकीच्यांची प्रोफाईलं उघडून बघा. खंडेनवमीला मशीनला हार घातलाय, मॅनेजर नारळ फोडतोय, खाली लिहिलंय ‘आमची कार्यसंस्कृती’. ऑफिसात सत्यनारायण घातला, त्याचा फोटो. गणपतीच्या आरतीचा फोटो. कुणी आडनावामागं जातीचा सगळा इतिहास लावून बसलाय. त्यांना कुणी म्हणत नाही, काढ म्हणून. त्यांचा नारळ संस्कृती, आमचा निळा झेंडा राजकारण. त्यांचं आडनाव ओळख, आमचं आडनाव अडचण. ही फूटपट्टी कुणी कापली, एवढं तरी विचारायचं की नाही?

कापडाच्या धंद्यात ही फूटपट्टी जुनीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. पगार तिथंच बरा होता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आमची थुंकी धाग्याला लागली तर बाजूचा माणूस बाटायचा. सूत कातायला आमचे हात चालत होते, विणायला आमचं तोंड चालत नव्हतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर टाकला, की मजुराचं राज्य आणायला निघालात, आधी ह्या खात्याचं दार उघडा. आज बिनधोट्याचे माग आलेत. धागा तोंडात घ्यायचा प्रश्नच मिटला. पण विटाळ मिटला नाही. तो तोंडातून निघून स्क्रीनवर गेला.

कुणी म्हणेल, हा तुमचा संशय आहे, न्यूनगंड आहे. ठीक. मग आकडे घ्या. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल ह्या दोघांनी २००५ पासून ६६ आठवडे पेपरातल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला. सवर्ण हिंदू नावाच्या मानानं दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची संधी दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन ह्यांनी मोठमोठ्या कंपन्यांच्या २५ एचआर मॅनेजरांशी बोलून लिहिलं, की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो असं सांगणारेच मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी’ विचारतात. बाप काय करतो? आई काय करते? आई विड्या वळते हे उत्तर गुणवत्तेच्या कुठल्या रकान्यात बसतं?

आणि आता तर मुलाखतीचीही गरज नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये नोकरीचाही उल्लेख आहे. अस्पृश्यतेवरून कुणाला काम नाकारलं तर तो गुन्हा आहे. पण गुन्ह्याला पुरावा लागतो. पाणवठ्यावर हाकललं तर चार साक्षीदार होते. इथं एचआर अंगठ्यानं स्क्रीन वर सरकवतो आणि तुम्ही गेलात. आवाज नाही, शिवी नाही, कागद नाही. एवढी स्वच्छ अस्पृश्यता मनूलाही सुचली नव्हती.

लिंक्डइन म्हणजे तरी काय? २००३ साली अमेरिकेत सुरू झालेलं दुकान, २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं २६२० कोटी डॉलरला घेतलं. तिथला माल म्हणजे तुमची माहिती आणि तुमच्या ओळखी. ओळखीतून ओळख, ओळखीतून नोकरी. अरे, हे तर जातीनं ह्या देशात कधीपासून चालवलंय! मामाच्या ओळखीनं भाचा चिकटतो, समाजाच्या वधूवर मेळाव्यात ठेके ठरतात. ज्याच्या घरात पहिल्यांदा कुणी ऑफिसची खुर्ची बघितली, त्यानं ‘कनेक्शन’ आणायची कुठनं? वस्तीतले पाचशे दोस्त जोडले तरी त्यात नोकरी देणारा एक निघत नाही.

मग लपवावं का? लपवणाऱ्या पोरावर मी थुंकणार नाही. घरात म्हातारी आजारी, बहिणीची फी राहिलेली, अशा पोराला क्रांतीचं भाषण द्यायला मला लाज वाटेल. दोष बघणाराच्या डोळ्यात आहे. पण लपवून सुटका होते का, एवढंच बघू या. १९१७ साली कोलंबियाची पदवी घेऊन आलेला माणूस बडोद्यात नोकरीला गेला. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या सराईत उतरला. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक दारात उभे. सामान घेऊन बाहेर पडावं लागलं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या काळी अकरा दिवस टिकलं. आज शाळेचं नाव, स्कॉलरशिप, घराचा पत्ता, दोस्तांची यादी, सगळं एका बोटावर आहे. खोट्या नावानं नोकरी टिकत नाही, डब्बा खाताना घास मात्र अडकतो.

कोटाला माझा विरोध नाही, हे नीट ऐका. बाबासाहेबांनीही कोट घातला, टाय लावला. पण त्या कोटात त्यांनी जात लपवली नव्हती. जातीनं ठरवून दिलेली लंगोटी फेकली होती. आमच्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हा त्यांनीही प्रोफाईल बदललं होतं. मालकाला आवडावं म्हणून नव्हे. माणूस दिसावं म्हणून.

आणि प्रोफाईल फक्त आमचंच का तपासायचं? कारखान्यांचीही तपासा की. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ असं लिहिणाऱ्याला विचारा, कुटुंबातल्या किती जणांना नियुक्तीपत्र आहे? मागावर बारा तास उभा राहणारा, तुकड्यावर मजुरी घेणारा, कानानं बहिरा होत चाललेला माणूस कुठल्या प्रोफाईलवर आहे? १८ मे २०२५ च्या पहाटे ह्याच आमच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ माणसं गेली. मालकाच्या घरची आणि कामगाराच्या घरचीही. आगीनं कुणाची इमेज बघितली नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही कारखान्याचं पान उघडलं की पहिलं शोधतो, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठाय. तो फोटो कुणी टाकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यात भांडायला पुष्कळ आहे, ते भांडूच. पण प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं हे त्यात लिहिलंय. ते मागा. कामगाराचं खरं प्रोफाईल ते आहे. त्यावर तारीख असते, पगार असतो, सही असते.

म्हणून सांगतो, लिंक्डइन सोडू नका. हत्यार आहे, चालवा. पण आपल्या हिशेबानं. नाव पूर्ण लिहा. वस्ती लिहा. पहिल्या ओळीत काम लिहा : किती मागांवर काम केलं, डाईंगमध्ये काय शिकलो, किती कंटेनरची कागदं एकही चूक न होता पाठवली. हसरा फोटो नसला तरी चालेल, नजर सरळ असू द्या. १४ एप्रिल काढू नका. आपल्यातला एक आत गेला की त्यानं दुसऱ्याला शिफारस द्यावी; त्यांची शतकांची ओळख आहे, आपण चार वर्षांत निदान चाळीस जणांची उभी करू. नकार आला की तारीख, जाहिरात, स्क्रीनचा फोटो जपून ठेवा. एकट्याचा नकार नशीब म्हणून खपतो. शंभर नकार एका वहीत आले की तो पुरावा होतो. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं जातीभेदाला कायद्यानं बंदी केली, ती असेच अनुभव एकत्र येऊन सांगितले गेले म्हणून. तिथं होतं, तर सोलापुरात का नाही?

२०२० साली महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. चांगलं केलं. पाटी बदलली. पण पाटी वाचून नाक मुरडणारा तोच राहिला तर समतानगर हेही उद्या त्याला जातीचंच नाव वाटणार. आपण आपलं नाव किती वेळा बदलायचं? एकदा त्यानं आपलं नाक बदलावं.

क्लासची फी बुडाली. शेला गळ्यात आहे. फोटो तोच आहे. ज्याला काम पाहिजे त्यानं काम बघावं, आणि ज्याला सोवळं पाहिजे त्यानं आपल्या कंटेनरची कागदं स्वतः लिहावीत.

जय भीम.