इंजिन चौथऱ्यावर, डबा भंगारात

नॅरोगेजचा वारसा जपायचा म्हणजे आपल्याकडे काय करतात? एक इंजिन उचलायचं, स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवायचं, रंग मारायचा, भोवती साखळी लावायची. झाला सेल्फी पॉइंट. त्या इंजिनामागे जे डबे धावायचे, त्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

मी भिवंडीचा. आमच्या भिवंडी रोड स्टेशनातून दिवा–वसईची ब्रॉडगेज जाते, नॅरोगेजशी गावाचा काही संबंध नाही. पण जुन्या वस्तूकडे बघून ‘लोखंड किती निघेल?’ एवढंच विचारणारी नजर मला चांगली ओळखता येते. इथे बंद पडलेला यंत्रमाग किलोच्या भावानेच जातो.

बार्शी लाइट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही अडीच फुटी लाइन सुरू केली. पुढे ती पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. कॅल्थ्रॉपची खरी करामत वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो की मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके आणि लाइन स्वस्त. पोलादी पत्रा दाबून घडवलेल्या सांगाड्यांवर त्याने बोगीचे डबे उभे केले. तो हिशेब समजून घ्यायचा तर डब्याखाली वाकून बघावं लागतं. चौथऱ्यावरचं एकटं इंजिन तो कसा सांगणार?

आणि गाडीत होतं कोण? इंजिनावर दोन-तीन माणसं. डब्यांत पंढरीला निघालेले वारकरी, बाजाराला जाणारे शेतकरी, माहेरी निघालेल्या बाया. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्सचं सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचंही आहे. छान आहेत. पण देश लाकडी बाकावर बसून फिरला, आणि ज्यावर तो बसला तो थर्ड क्लास १९७४ मध्ये बंद झाला. तो बाक तुम्ही कुठे पाहिलाय?

गार्डाच्या डब्याची तर आणखी दैना. गार्डाचं नाव २०२२ मध्ये ‘ट्रेन मॅनेजर’ झालं. त्याचा हातब्रेक, कंदील, झेंड्या, चहाचा डबा ठेवायचा कोपरा हे सगळं ज्या चार भिंतींत होतं, त्याला वारसा म्हणावं असं कुणाला वाटत नाही. वेल्समधल्या टॅलीलिन या नॅरोगेज लाइनवर १८६० च्या दशकातले डबे आजही धावतात. त्यांत गार्डाचा डबाही आहे, तिकिटं विकायच्या खिडकीसकट. ती लाइन १९५१ पासून हौशी स्वयंसेवक चालवतात.

आपल्याकडे दोन हरकती ठरलेल्या. पहिली, जुने डबे सुरक्षित नाहीत. अहो, पण ते धावलेच पाहिजेत असं कोण म्हणतंय? दुसरी, पैसा नाही. चौथऱ्याला, कारंज्याला, रंगीत दिव्यांना मात्र असतो. लाकडी डबा मरतो तो छपरातून. कॅनव्हास फाटतो, पाणी खांबातून खाली उतरतं, खांबाचं बूड कुजतं, आणि आपण वरून ऑइलपेंट मारून उद्घाटन करतो. दोन पावसाळ्यांत पोपडे. त्याला आधी लागते पत्र्याची शेड. मग मोजमापं आणि फोटो. मग कुजलेलं तेवढंच बदलायचं, आणि बदललेल्या फळीवर साल कोरून ठेवायचं, म्हणजे पुढच्याला जुनं-नवं कळेल. डब्यात एसी बसवून पनीर टिक्का विकणं याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत.

हे काम येणारी माणसं आपल्याकडे आहेत. माथेरानच्या गाडीची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यात होते, जिथून बार्शीची लाइन सुरू झाली त्याच गावात. तिकडे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला थांबली आहे, आणि ब्रॉडगेजची मागणी जोरात आहे. मागणी रास्तच आहे. विदर्भातल्या माणसाने आयुष्यभर कासवगतीने का जावं? पण नवे रूळ पडण्याआधी शकुंतलेचा एक प्रवासी डबा आणि एक गार्डाचा डबा छपराखाली हलवा. कापणीचं टेंडर निघाल्यावर आठवण येऊन उपयोग नाही. गॅस कटरला एक डबा संपवायला फार वेळ लागत नाही.