उन्हात छापलेला फोटो

"मोबाइलमध्ये फुकट फोटो निघतो, मग कागद उन्हात ठेवत बसण्याचे हे खूळ कशाला?" हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

लकडगंजातल्या आमच्या गच्चीवर मी सायनोटाइप करतो. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे समभाग मिसळायची, मंद उजेडात जाड कागदावर ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची. वर निगेटिव्ह ठेवून काच दाबली की पुढचे काम नागपूरचे ऊन करते. मग कागद पाण्यात धुवायचा. ऊन लागले तिथे निळा रंग उरतो, झाकलेला भाग पांढरा राहतो. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या याच पद्धतीने पुढे इंजिनिअरांचे नकाशे निघू लागले. 'ब्ल्यू प्रिंट' हा शब्द त्यातूनच आला.

मोबाइलशी माझे वैर नाही. निगेटिव्हसाठी मी मोबाइलवरचाच फोटो पारदर्शक शीटवर छापून आणतो. पण ही केवळ श्रीमंतांची हौस आहे, हे मला मान्य नाही. फिल्मचा रोल मला परवडत नाही हे खरे. ऊन मात्र सर्वांना सारखे मिळते. शिवाय ही वाट आपल्याला परकीही नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची फिल्म धुण्याच्या कामात सरस्वतीबाईंचे हात होते. रसायनात हात बुडवल्यावाचून ती कला उभी राहिली नाही.

माझे वडील आरामशीनवर काम करतात. मी वाचतो त्या पुस्तकांबद्दल घरात कोणी काही विचारू शकत नाही. माझ्या पहिल्या प्रिंट बिघडल्या तेव्हा मात्र वडील जवळ आले, कागद हातात घेऊन म्हणाले, "ऊन किती वेळ दिलं होतं?" कागद काचेला नीट चिकटत नाही, हेही त्यांनीच ओळखले आणि उरलेल्या सागाच्या पट्ट्यांची घट्ट चौकट करून दिली. माझ्या शिक्षणात त्यांना प्रथमच काही सांगता आले.

कला शाखेत आपण कलेविषयी पुष्कळ वाचतो, पण आपले हात कोरडेच राहतात. हाताचे काम कमी शिकलेल्यांचे, असे आपणही मनातून मानत नाही ना? महाविद्यालयाने एक अंधारी खोली आणि एक नळ दिला, तरी पुरे. चौकटी आम्ही लकडगंजातून करून आणू.